केक कुणाचा, सुरी कुणाच्या हातात: जुन्या व्यंगचित्रांतून साम्राज्यांचा इतिहास कसा वाचावा

टेबलावर एक मोठा गोल केक आहे. त्यावर फ्रेंचमध्ये 'शीन', म्हणजे चीन, असे लिहिले आहे. डावीकडे इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया, शेजारी जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म. कैसरने सुरी केकमध्ये खुपसली आहे आणि दोघे एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत आहेत. पुढे रशियाचा झार दुसरा निकोलस, आणि त्याच्या खांद्याशी सलगीने उभी असलेली मारियान, म्हणजे स्त्रीरूपातले फ्रान्स. उजव्या टोकाला जपानचा सामुराई हाताला हनुवटी टेकून विचारात पडला आहे. या सगळ्यांच्या पाठीमागे एक चिनी अधिकारी दोन्ही हात वर करून ओरडतो आहे. त्याच्याकडे कुणीही बघत नाही.

आँरी मेयर या चित्रकाराचे हे चित्र पॅरिसच्या 'ल पती जुर्नाल' या वृत्तपत्राच्या रंगीत पुरवणीत १६ जानेवारी १८९८ रोजी आले. इतिहासाच्या पुस्तकांतून ते आजही छापले जाते, आणि बहुतेक ठिकाणी त्याखाली एकच वाक्य असते: साम्राज्यवादी सत्तांनी चीनचे लचके तोडले. वाक्य खोटे नाही. पण तेवढेच सांगायचे तर चित्राची गरज काय? वाक्य पुरले असते.

अशी चित्रे मी बरीच वर्षे बघतो आहे आणि इतरांबरोबर बसून वाचतो आहे. अनुभव असा, की व्यंगचित्र घटनेविषयी थोडे सांगते आणि ते विकत घेणाऱ्या माणसाविषयी पुष्कळ. त्याला काय माहीत होते, कशाची भीती होती, कशाचा अभिमान होता, काय बघायचे नव्हते, हे सगळे त्या चौकटीत असते. साम्राज्य फक्त तोफांनी वाढले नाही; मायदेशातल्या लाखो साध्या माणसांनी त्याला मान डोलावली म्हणून वाढले. ती मान कशी डोलावली जायची, हे व्यंगचित्रांइतके जवळून दुसरे फारसे काही दाखवत नाही. म्हणून ती नीट वाचायला शिकले पाहिजे, आणि ते अवघड नाही.

आधी चांगली प्रत मिळवा

साहित्य थोडे लागते: एक वही, पेन्सिल, आणि चित्राची मोठी, न कापलेली प्रत. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फिरत फिरत आपल्यापर्यंत आलेल्या प्रतींचा वरचा मथळा आणि खालची चित्रओळ पुष्कळदा छाटलेली असते, आणि नेमक्या त्याच दोन जागी चित्रकाराने आपले म्हणणे मांडलेले असते. म्हणून मूळ पानापर्यंत जा. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाचे जुने खंड हायडलबर्ग विद्यापीठाने पानन् पान स्कॅन करून ठेवले आहेत. फ्रेंच वृत्तपत्रे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या संग्रहात मिळतात. अठराव्या शतकातली सुटी छापील चित्रे ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर आहेत, अमेरिकी साप्ताहिके लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे. हे सगळे घरबसल्या फुकट बघता येते.

एक खूण ध्यानात ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या 'पंच'चे आठवड्याचे मोठे चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून काळ्या शाईत छापले जाई. ते तुम्हाला रंगीत दिसले तर रंग मागाहून कुणीतरी भरलेले आहेत, आणि रक्ताचा लाल कुठे भरायचा हेही त्यानेच ठरवले आहे.

पहिली दहा मिनिटे: हात आणि नजरा

चित्र समोर आले की मोबाइल बाजूला ठेवा. कोण कोण आहे, कुठले युद्ध, कुठला तह, यातले काहीही अजून शोधू नका. वहीत दोन रकाने आखा. एकात प्रत्येकाचे हात काय करत आहेत ते लिहा, दुसऱ्यात प्रत्येकाची नजर कुठे आहे ते.

हे बालिश वाटेल, पण करून बघा. केकच्या चित्रात हे केले की दोन गोष्टी आपोआप वर येतात. सगळ्यांनी केकभोवती गर्दी केली असली तरी मारियानच्या हातात सुरी नाही. आणि चिनी अधिकारी हा चित्रातला सर्वांत मोठी हालचाल करणारा माणूस असूनही त्याच्या हालचालीचा कुणावर काडीचाही परिणाम होत नाही. ही दोन निरीक्षणे आधी झाली, तरच पुढचे प्रश्न सुचतात. नावे आधी शोधली की आपण चित्र बघायचे थांबतो आणि चित्रात फक्त आपली माहिती बघू लागतो.

वस्तूंचीही यादी करा. टोपी, शस्त्र, कागद, नकाशा, प्राणी, दूरवरचे जहाज, कोपऱ्यातले पिंप. त्या काळचा चित्रकार रिकामी जागा भरायला वस्तू काढत नसे. प्रत्येक वस्तू वाचकाला ओळखू यावी म्हणून तिथे असे.

तारखेचे बोट धरून चाला

आता तारीख. महिना नव्हे, वर्ष नव्हे, नेमकी तारीख. मग त्या तारखेच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, याच्या दोन वेगळ्या याद्या करा. नवखा वाचक सर्वांत जास्त इथे घसरतो, कारण आपल्याला पुढचे माहीत असते आणि आपण ते नकळत चित्रात ओततो.

१६ जानेवारी १८९८ च्या आधी: नोव्हेंबर १८९७ मध्ये शानदोंगमध्ये दोन जर्मन मिशनऱ्यांचा खून झाला, ते निमित्त करून जर्मनीने जिआओझोऊचा उपसागर बळकावला. डिसेंबरमध्ये रशियाचे आरमार चीनच्या पोर्ट आर्थर या बंदरात येऊन उभे राहिले. बस.

त्यानंतर: ६ मार्चला जर्मनीने जिआओझोऊचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला. २७ मार्चला रशियाने पोर्ट आर्थर २५ वर्षांसाठी घेतले. एप्रिलमध्ये फ्रेंच सैन्य दक्षिणेत ग्वांगझोवानला उतरले. जूनमध्ये ब्रिटनने हाँगकाँगला लागून असलेल्या 'न्यू टेरिटरीज'चा ९९ वर्षांचा करार केला, जो १९९७ मध्ये संपला; पाठोपाठ जुलैमध्ये वेइहाइवेइ हे बंदर घेतले.

दोन्ही याद्या शेजारी ठेवा. चित्र छापले गेले तेव्हा केक कापून झालेला नव्हता, सुरी नुकती टेकली होती. पुस्तके हे चित्र झालेल्या गोष्टीचा सारांश म्हणून छापतात. प्रत्यक्षात तो पुढे काय होणार याचा अंदाज होता, आणि त्या अंदाजात फ्रेंच वाचकाची हुरहूरही मिसळलेली होती: सगळे घेतायत, मग आपले काय?

मथळ्यातही तारीख लपलेली आहे. 'राजांचा केक' हा फ्रान्समध्ये ६ जानेवारीच्या सणाच्या सुमारास घरोघर कापला जाणारा खास केक. चित्रकाराने 'राजांचा आणि सम्राटांचा केक' असा शब्द फिरवला. दहा दिवसांपूर्वी स्वतःच्या घरी तो केक कापलेल्या माणसालाच ही कोटी पुरती लागणार. आपल्याकडे संक्रांतीच्या आठवड्यात तिळगुळावरून एखादे चित्र निघावे तसे. कोटी कळली नाही तर चित्र अर्धेच कळते, म्हणून मथळ्याचा शब्दशः अर्थ काढून थांबू नका. त्या आठवड्यात तो शब्द लोकांच्या तोंडी का होता, ते शोधा.

विकत कोण घेत होते?

'ल पती जुर्नाल' हे स्वस्त, दहा लाखांच्या घरात खप असलेले वृत्तपत्र. म्हणजे हे चित्र परराष्ट्र खात्यातल्या साहेबांसाठी नव्हते. दुकानदार, कारकून, कामगार यांच्या घरात ते जात होते. आता मारियानच्या रिकाम्या हातांकडे परत या. हात मोकळे का? कारण चित्रकार फ्रेंच आहे, छापणारे फ्रेंच आहेत, वाचणारे फ्रेंच आहेत. ती निकोलसला खेटून उभी आहे कारण १८९४ मध्ये फ्रान्स आणि रशिया यांचा लष्करी करार पक्का झाला होता. आणि तिच्या हातात सुरी नसली तरी तोवर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस फ्रान्सच्या ताब्यात आले होते, १८८४-८५ मध्ये चीनशी एक युद्ध होऊन गेले होते, आणि तीनच महिन्यांत ग्वांगझोवानवर फ्रेंच झेंडा लागणार होता. जो देश चित्र काढतो तो स्वतःला चित्रात कुठे उभा करतो, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. या एका प्रश्नाचा मला जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाही नाही.

सामुराईचेही तसेच. तो विचार कसला करतो आहे? एप्रिल १८९५ मध्ये शिमोनोसेकीच्या तहाने जपानने चीनकडून लिआओदोंग द्वीपकल्प मिळवला होता. पोर्ट आर्थर त्याच्याच टोकाला आहे. रशिया, जर्मनी आणि फ्रान्स या तिघांनी दडपण आणून तो परत करायला लावला, आणि तीन वर्षांच्या आत रशिया स्वतः तिथे येऊन बसला. केकभोवती बसलेल्यांपैकी तिघांनी या चौथ्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता. हे कळल्यावर तो टेकलेला हात आणि ती स्तब्धता वेगळीच दिसू लागते.

जाता जाता आपल्याकडचेही. या केकची पहिली चीर १८४२ मध्ये, पहिल्या अफूयुद्धानंतरच्या नानजिंगच्या तहाने पडली होती. त्या अफूचा मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबईच्या बंदरातून जहाजावर चढत असे, आणि त्या व्यापारातून मुंबईत अमाप पैसा आला. चित्रात मुंबई नाही. असायचे कारणही नाही. पण आपण मुंबई-पुण्यात बसून हे चित्र बघताना आपल्या शहराचा या केकशी काय संबंध होता, ते आपल्याला माहीत असावे.

बातमी किती दिवसांनी पोचली?

तारखेचा दुसरा उपयोग म्हणजे बातमीचा प्रवास मोजणे. याचे मला सर्वांत आवडते उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे.

डिसेंबर १७९१ मध्ये लंडनमध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराचे एक चित्र विक्रीला आले. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतो आहे आणि श्रीरंगपट्टणच्या तटावरून टिपू सुलतान सरळ त्याच्या दिशेने लघवी करतो आहे. मथळा: 'मान्सूनचे आगमन, अर्थात श्रीरंगपट्टणहून माघार'. माघार घेतली मे १७९१ मध्ये. मधले सहा महिने जहाजाचे.

मथळ्यात मान्सून का? कारण माघारीचे कारण म्हणून पावसाकडे बोट दाखवले जात होते. गिलरेने तो पाऊस टिपूकडून पाडला. आणि हाच कॉर्नवॉलिस दहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १७८१ मध्ये, अमेरिकेत यॉर्कटाउनला सैन्यासह शरण गेला होता. लंडनचा गिऱ्हाईक ते विसरला नव्हता. चित्र न उलगडता हसता यायचे ते या आठवणीमुळे.

आता विचारा, की इंग्लंडची फजिती इंग्लंडमध्येच विकली कशी जाते? इथे साम्राज्याच्या इतिहासाचा एक पदर हाती लागतो, जो फक्त लढायांच्या सनावळीत सापडत नाही. त्या वेळी भारतात मुलूख जिंकत जाणे हे लंडनमध्ये सर्वमान्य नव्हते. १७८४ च्या, पंतप्रधान पिटच्या इंडिया ॲक्ट या कायद्यात तर जिंकणे आणि राज्य वाढवणे हे राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध, अब्रूविरुद्ध आणि धोरणाविरुद्ध आहे, असे स्पष्ट लिहिलेले होते. कागदावर एक आणि म्हैसूरच्या रस्त्यावर दुसरे. गिलरे नेमका त्या फटीत उभा राहून चित्र काढतो.

आणि चित्रात नसलेले? मराठे. या मोहिमेत मराठे इंग्रजांचे मित्र होते. बैल मेलेले, धान्य संपलेले, जड तोफा स्वतःच निकामी करून टाकलेल्या, अशा अवस्थेत कॉर्नवॉलिसची फौज मागे फिरली, आणि लगेच तिची गाठ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांशी पडली. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य मिळाले, चढ्या भावाने का होईना, म्हणून ती फौज तगली. लंडनच्या चित्रात ठळक माणसे दोनच: कॉर्नवॉलिस आणि टिपू. दख्खनच्या राजकारणातला तिसरा मोठा भागीदार तिथल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच नव्हता. पुढच्याच वर्षी, मार्च १७९२ मध्ये, टिपूला अर्धे राज्य आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. मग त्याच लंडनमध्ये ती मुले प्रेमाने स्वीकारणाऱ्या कॉर्नवॉलिसची भव्य तैलचित्रे रंगवली जाऊ लागली.

माणसाचा प्राणी झाला की सावध व्हा

सिंह म्हणजे ब्रिटन, अस्वल म्हणजे रशिया, गरुड म्हणजे अमेरिका, हे कोष्टक कुठेही मिळेल. ते पाठ करण्यापेक्षा माणसाऐवजी प्राणी काढल्याने काय नाहीसे झाले, ते शोधणे मोलाचे आहे.

२२ ऑगस्ट १८५७ चा 'पंच' घ्या. चित्रकार जॉन टेनियल, ज्याची 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकातली चित्रे पुढे घरोघर पोचली. खाली पडलेल्या गोऱ्या स्त्रीवर आणि मुलावर वाघ उभा आहे, आणि त्याच्यावर सिंह झेप घेतो आहे. खाली ओळ: ब्रिटिश सिंहाने बंगालच्या वाघावर घेतलेला सूड.

वाघाला तक्रार नसते. त्याचे राज्य खालसा होत नाही, त्याचा तनखा बंद होत नाही. माणसाचे होते. सातारा १८४८ मध्ये गेले, झाशी आणि नागपूर १८५४ मध्ये, अवध १८५६ मध्ये. दुसऱ्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १८५१ मध्ये, नानासाहेबांचा तनखा थांबवला गेला. शिपायांची काडतुसांची, पगाराची, परदेशी पाठवण्याची गाऱ्हाणी होती. माणसाच्या जागी वाघ काढला की हे सगळे एका फटकाऱ्यात पुसले जाते. उरते ते फक्त हिंस्रपण, आणि हिंस्र जनावराशी तह करत नाहीत, त्याला मारतात.

या चित्राबद्दल मी स्वतः पुष्कळ वर्षे एक चुकीची गोष्ट ठामपणे सांगत आलो. ते कानपूरच्या बीबीघरात कैदेत असलेल्या गोऱ्या बायकामुलांच्या हत्याकांडावर आहे, असे मी म्हणत असे. कित्येक पुस्तकांतही तसे लिहिलेले असते. मग एकदा दिवस मोजले. बीबीघर १५ जुलैला घडले. चित्रावरची तारीख २२ ऑगस्ट. मध्ये ३८ दिवस, त्यात चित्र काढणे, कोरणे, छापणे आले. १८५७ मध्ये लंडन आणि भारत यांच्यात थेट तार नव्हती, टपाल जहाजाने जाई आणि त्यालाच महिन्याहून जास्त लागे. हा हिशेब बसत नाही. मेरठ-दिल्लीपासून त्या उन्हाळ्यात गोऱ्या बायकामुलांच्या हत्येच्या बातम्या लंडनला पोचत होत्या, त्यांवर हे चित्र आहे, एवढेच म्हणणे सुरक्षित. तेव्हापासून मी कुठलेही चित्र कुठल्याही घटनेला जोडण्याआधी दिवस मोजतो. तुम्हीही मोजा.

मग पुढचे दोन अंक शोधा. १२ सप्टेंबर: 'न्याय'. न्यायदेवता तलवार उगारून शिपायांना तुडवते आहे, मागे तोफा ओळीने उभ्या आहेत, एका बाजूला भारतीय बायका आणि मुले भेदरून बसली आहेत. २४ ऑक्टोबर: 'कॅनिंगची दया'. गव्हर्नर जनरल कॅनिंग एका शिपायाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवतो आहे, आणि शिपायाच्या हातातल्या शस्त्रांवरून अजून रक्त ठिबकते आहे. कॅनिंगचा गुन्हा काय, तर सरसकट फाशी देऊ नका, दोषी आणि निर्दोष वेगळे करा, असे त्याने सांगितले होते. ही तिन्ही चित्रे शेजारी लावा. नऊ आठवड्यांत लंडनच्या मध्यमवर्गाचा पारा कसा चढत गेला, याचा तो तक्ताच आहे. एकच चित्र बघून हे कळत नाही, म्हणून नेहमी मागचा-पुढचा अंक चाळा.

नसलेले इथेही शोधायचे. जून-जुलैमध्ये अलाहाबादला आणि तिथून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नील आणि रेनॉ या इंग्रज अधिकाऱ्यांच्या तुकड्यांनी गावकऱ्यांना झाडांना टांगून मारले. हे बीबीघरच्या आधी झाले. चित्रांत ते रस्ते नाहीत. दुसरी बाजू शोधायची तर लेखी साधनांकडे जावे लागते, आणि मराठी वाचकाला त्यासाठी लांब जायला नको. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशी पडल्यावर इंग्रज फौजेने शहरात केलेली कत्तल त्यांनी आत राहून पाहिली आणि नंतर मराठीत लिहून ठेवली. टेनियलचे 'न्याय' हे चित्र एका हाताला आणि गोडसे भटजींची झाशीची पाने दुसऱ्या हाताला, असे घेऊन एक संध्याकाळ बसा.

टीका नक्की कशावर?

व्यंगचित्रात मंत्र्याची टर उडवलेली दिसली की आपण पटकन म्हणतो, हा चित्रकार साम्राज्याच्या विरोधात होता. थांबा. १५ एप्रिल १८७६ च्या 'पंच'मध्ये टेनियलनेच पंतप्रधान डिझरायलीला अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला जादूगार फेरीवाला केले आहे. 'जुन्याच्या बदल्यात नवे मुकुट!' असे म्हणत तो व्हिक्टोरियाला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा मुकुट देऊ करतो. गोष्ट आठवा: जादूगार नवा, चकचकीत, कवडीमोल दिवा देऊन जुना जादूचा दिवा लुबाडतो. म्हणजे चित्राच्या मते लाखमोलाचा कोणता? इंग्लंडचा जुना मुकुट. भपकेबाज कोणता? हिंदुस्थानचा नवा. राग पदवीवर आहे, राज्यावर नाही. भारत हातात असू नये, असे चित्राच्या कोपऱ्याकोपऱ्यात शोधूनही सापडत नाही.

म्हणून वहीत एक वाक्य पूर्ण करायची सवय लावा: "या चित्राला ... आवडत नाही, पण ... चालते." गाळलेल्या दोन्ही जागा भरता आल्या तर चित्र कळले. पदवी जाहीर करायचा दिल्ली दरबार १ जानेवारी १८७७ ला भरला, तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ सुरू झाला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून त्या दरबारात गेले होते. मुकुटावर ही दुसरी टीका होती, आणि तिच्यासाठी एकही रेघ ओढावी लागली नाही.

नकाशा आणि शाळा

काही चित्रे लवकर उलगडतात. १० डिसेंबर १८९२ च्या 'पंच'मध्ये लिन्ली सँबर्नने दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश केप वसाहतीचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स याला आफ्रिकेच्या नकाशावर पाय फाकून उभे केले आहे: एक पाय केप टाउनवर, एक कैरोवर, हातांत तारायंत्राची तार, पाठीला बंदूक. निमित्त केप ते कैरो तार टाकायच्या योजनेचे, कोटी प्राचीन ऱ्होड्स बेटावरच्या प्रचंड पुतळ्याची. नकाशाचे चित्र आले की एकच बघा: त्या जमिनीवर माणसे काढली आहेत का? इथे अख्ख्या खंडावर एकच माणूस आहे.

दुसरे, मोठ्या माणसांना मूल करणारी चित्रे. न्यूयॉर्कच्या 'पक' साप्ताहिकात २५ जानेवारी १८९९ रोजी लुई डॅलरिंपलचे 'शाळा सुरू' छापले गेले. अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, मास्तर; पहिल्या बाकावर फिलिपीन्स, हवाई, पोर्तो रिको, क्युबा ही चार हिरमुसलेली मुले. कृष्णवर्णीय मुलगा खिडकी पुसतो आहे, मूलनिवासी मुलाने पुस्तक उलटे धरले आहे, चिनी मुलगा दाराबाहेर. चित्राच्या तारखेनंतर दहा दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, मनिलाजवळ फिलिपिनो आणि अमेरिकी सैन्यात युद्ध सुरू झाले. पहिल्या बाकावरचे मूल म्हणून दाखवलेला देश स्वतःचे प्रजासत्ताक जाहीर करून बंदुकीने लढत होता.

इकडची चित्रेही शोधा

फक्त लंडन-पॅरिसची चित्रे बघितली तर ज्यांच्यावर राज्य झाले ते कायम चित्राचा विषय म्हणूनच दिसतात. पण ते चित्र काढतही होते. लखनौला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये 'अवध पंच' हे उर्दू साप्ताहिक काढले. मुंबईत 'पारसी पंच' आणि त्याच्यातूनच पुढे आलेला 'हिंदी पंच' गुजराती-इंग्रजी चित्रओळींसह निघे, आणि लंडनच्या 'पंच'चे प्रतीक असलेल्या मिस्टर पंच या पात्राच्या जागी त्यात देशी 'पंचोबा' असे. साहेबाचेच हत्यार उचलून साहेबावर धरलेले. पण या चित्रांनाही तेच प्रश्न विचारा, सवलत देऊ नका. विकत कोण घेत होते? सरकारचा रोष ओढवू नये म्हणून टीका कुठे मऊ केली? साहेबाची पत्नी कशी काढली आणि शेतकरी कसा काढला? आपल्या बाजूचे चित्र वाचताना सर्वांत जास्त घाई होते.

आता तुमचे चित्र

सरावासाठी ३० नोव्हेंबर १८७८ चा 'पंच' काढा. टेनियलचेच चित्र, ओळ अशी: 'माझ्या मित्रांपासून मला वाचवा!' अफगाणिस्तानचा अमीर शेर अली मध्ये उभा, एका बाजूला रशियाचे अस्वल, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा सिंह. मदतीला दोनच गोष्टी देतो. ब्रिटिश फौजांनी अफगाणिस्तानवर चाल केली ती २१ नोव्हेंबर १८७८ ला, म्हणजे चित्राच्या तारखेआधी नऊ दिवस. आणि शेर अली पुढच्या फेब्रुवारीत मजार-ए-शरीफला मरण पावला. बाकी काही शोधू नका. दोन रकाने आखा आणि पहिल्या रकान्यात पहिली ओळ लिहा: शेर अलीचे हात काय करत आहेत?